पेला न पोचलेला माणूस

निमिया ओवेलार लहानपणापासून भित्री. विजेला भ्यायची, बेडकांना भ्यायची, शेजारच्या गरीब गाईलासुद्धा भ्यायची. तिची आई सगळ्यांदेखत म्हणायची, "ही लग्नातून नवऱ्याला घाबरून पळून येईल बघा." नवरा झालाच नाही, तो भाग वेगळा. पण अशी बाई सरकारी वकील कशी झाली, याचं कोडं पोत्रेरो सान ब्लास गावाला अजून सुटलेलं नाही. राजधानीत, आसुन्सिओनला राहून, दिवसा कापडाच्या दुकानात तागे उलगडत आणि संध्याकाळी वर्गात पेंगत तिनं कायदा पुरा केला, आणि नेमणूक होऊन आली ती नेमकी आपल्याच गावात. त्याला आता चौदा वर्षं झाली. पाराग्वेतल्या लहान गावात सरकारी वकील होणं म्हणजे मिरवायची गोष्ट. हिला मात्र सकाळी कचेरीचं कुलूप काढतानाही भीती वाटायची.

गाव काही म्हणो, ती भित्री होती म्हणूनच चांगली वकील होती. निरपराध माणूस आत जाईल याची तिला भीती वाटायची आणि अपराधी माणूस बाहेर राहील याचीही. बाकीचे वकील यातली एकच भीती निवडतात आणि सुखानं झोपतात. निमियाला दोन्ही सोडत नसत. त्यामुळे ती प्रत्येक कागद तीनदा वाचायची, साक्षीदाराला एकच प्रश्न चार तऱ्हांनी विचारायची, आणि तिचा कारकून एलिहिओ कपाळाला हात लावून बसायचा. एलिहिओ अठ्ठावन्न वर्षांचा, पाठीत जरा वाकलेला, त्या कचेरीत सत्तावीस वर्षं टायपिंग करणारा. स्वभावानं इतका मऊ की समन्स बजावायला गेला तरी आधी घरातल्यांची खुशाली विचारायचा. "वकीलबाई," तो म्हणायचा, "देवानं तुमच्याएवढी काळजी केली असती ना, तर अजून पहिलाच दिवस चालू असता."

अशा बाईच्या हातून चूक झाली ती भर दिवसा, आठ-दहा जणांसमोर, आणि कोणाच्या लक्षातसुद्धा आली नाही.

आठ फेब्रुवारीची दुपार, तिकडचा भर उन्हाळा. सगळं गाव जेवून आडवं झालेलं. त्या वेळी न्या सेल्साच्या घरात कोणीतरी शिरलं. वयानं मोठ्या बाईला तिकडे मानानं न्या म्हणतात. ही न्या सेल्सा बसस्टँडवर चिपा विकायची, कसाव्याच्या पिठाची, चीज आणि बडीशेप घातलेली, कड्याच्या आकाराची खरपूस रोटी. तिचा नवरा पोर्फिरिओ एकाहत्तर वर्षांचा, दारालगतच्या खोलीत झोपला होता. चोराला बहुधा फक्त रेडिओ आणि मोबाइल हवा होता. पण म्हातारा जागा झाला, आणि मका कांडायचं मुसळ कोपऱ्यातच होतं. न्या सेल्सा मागच्या खोलीतून धावत आली तेव्हा तो माणूस दारात उभा होता. तिनं त्याला पाहिलं, त्यानं तिला पाहिलं, आणि तो गेला. पोर्फिरिओ दोन दिवसांनी दवाखान्यात वारला.

घटनेच्याच दिवशी पोलिसांनी वीटभट्टीवरून देर्लिस काब्रालला उचललं. तेवीस वर्षांचा, पूर्वी एकदा कोंबड्या आणि एकदा सायकल चोरताना सापडलेला. हातावर ताजे ओरखडे. विटांचे आहेत, तो म्हणाला. त्या दुपारी कुठे होतास, तर भट्टीच्या सावलीत झोपलो होतो. ना त्याच्याकडे रेडिओ सापडला ना मोबाइल. तेव्हा सगळं येऊन थांबलं ते न्या सेल्साच्या डोळ्यांवर.

ओळखपरेड ठरली बारा तारखेला. न्या सेल्साच्या नवऱ्याला मूठमाती देऊन एकच दिवस झाला होता. नियम साधा आहे: संशयितासारख्याच अंगकाठीची आणखी माणसं त्याच्याबरोबर ओळीत उभी करायची, आणि साक्षीदारानं त्यातल्या कोणालाही आधी पाहिलेलं असता कामा नये. नियम निमियाला पाठ होता. ठाणेदार इन्सफ्राननं पाच माणसं जमवली होती: साध्या कपड्यांतले दोन शिपाई, समोरचा न्हावी, एक मेकॅनिक, एक ट्रक ड्रायव्हर. पाचही सावळे, मध्यम बांध्याचे, तिशीच्या आतले. त्याबाबत काही म्हणायला जागा नव्हती. देर्लिस आत कोठडीत होता.

आणि बचावाचा वकील आला नाही. रुबेन कान्तेरो नावाचा हा सरकारी बचाव वकील तीन गावांत मिळून एकटाच. त्याची बस वाटेत बंद पडली होती. त्याच्याशिवाय परेड होणार नव्हती. बाहेर चाळीसच्या वर ऊन. ठाण्याच्या अंगणात आंब्याखाली बाकं टाकली होती, तिथं सगळे बसले. आणि सगळे बसल्यावर जे होतं तेच झालं. इन्सफ्राननं बर्फाच्या पाण्याचा थर्मास काढला, शिंगाच्या पेल्यात येर्बाचा, म्हणजे तिकडच्या चहाचा, पाला भरला, नळी रोवली आणि तेरेरे ओतायला घेतला. एकजण ओततो, पेला हातोहात फिरतो, सगळे एकाच नळीतून पितात. उन्हाळ्यात तिथं याच्याशिवाय कोणी कोणाशी दोन शब्दही बोलत नाही. बसलेल्या माणसाला पेला न देणं म्हणजे ऊठ आणि चालता हो म्हणणं.

पेला न्हाव्याकडे गेला, ड्रायव्हरकडे गेला, शिपायांकडे गेला. काळ्या कपड्यांतली न्या सेल्सा बाकाच्या टोकाला दगडासारखी बसली होती. निमियाला तिची दया आली. तिनं भरलेला पेला स्वतःच्या हातानं तिला दिला. "घ्या मावशी, दोन घोट घ्या, उन्हाचं बरं वाटेल." मग मेकॅनिक सरकून म्हातारीजवळ बसला आणि म्हणाला, "तुमच्या हातच्या चिपावर मी मोठा झालो, न्या सेल्सा." म्हातारी त्या दिवसात पहिल्यांदा जराशी हसली. तास-दीड तास असा गेला. कान्तेरो घामाघूम होऊन आला, सगळे उठले, सहा माणसं आत ओळीत उभी राहिली, न्या सेल्सानं काचेतून बघितलं आणि एका श्वासात म्हणाली, "चौथा." चौथा देर्लिस होता. कान्तेरोनं हरकत नाही म्हणून सही केली. निमियानं अहवाल तीनदा वाचला आणि सही केली. देर्लिस तुरुंगात गेला.

सव्वा महिना गेला. ईस्टरच्या पवित्र आठवड्याच्या आधीच्या गुरुवारी सुनावणी लागली, आणि तिच्या तयारीसाठी निमियानं न्या सेल्साला कचेरीत बोलावलं. एलिहिओ टाइप करत होता. निमिया तिच्या पद्धतीनं एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होती.

"मावशी, न्यायाधीश विचारतील, इतक्या पटकन कसं ओळखलंत?"

"ओळखलं म्हणजे ओळखलं."

"कशावरून पण? नाक, डोळे, उभं राहण्याची ढब?"

"तू तर असं विचारतेस जसं मी खोटं बोलतेय." म्हातारी चिडली. "अगं, त्यात ओळखायचं काय होतं? बाकीचे पाचजण तर आपल्याबरोबर तेरेरे प्यायले. एका नळीनं प्यायलो आपण. ज्यानं माणूस मारलाय त्याला कोणी आपल्यात बसवून पेला देईल का? उरला कोण मग?"

एलिहिओची बोटं टाइपरायटरवर थांबली.

तो पेला निमियाच्या डोळ्यांपुढे फिरू लागला: न्हावी, ड्रायव्हर, शिपाई, शिपाई, मेकॅनिक. आणि म्हातारीच्या हातात तो देणारा हात कोणाचा, तर तिचा. नियम पाठ असलेली बाई नियमाच्या मधोमध बसून तेरेरे पीत होती आणि तिला तो दिसलाच नाही. श्वास घेताना कोणी श्वासाकडे बघतं का?

न्या सेल्सा गेल्यावर एलिहिओनं दार लोटून घेतलं. मग एलिहिओ म्हणाला, "वकीलबाई, मला अलीकडे कानांनी कमी ऐकू येतं."

"एलिहिओ, चेष्टा नको."

"चेष्टा नाही करत. हे तीन माणसांना माहीत आहे. म्हातारीला आपण काय बोललो याचा पत्ता नाही. मी बहिरा. राहिलात तुम्ही." त्यानं कागद टाइपरायटरमधून अलगद काढला. "हा ठेवू की फाडू?"

"ठेवा," निमिया म्हणाली, पण आवाज इतका बारीक निघाला की एलिहिओनं पुन्हा विचारलं.

त्या दिवसापासून तिची झोप उडाली. ती काही धीरोदात्त वगैरे नव्हती. सांगायला लाज वाटावी असे विचार तिच्या मनात येऊन गेले. देर्लिसनंच केलं असलं तर? कोंबड्या चोरणारा, सायकल चोरणारा, ओरखडे असलेला. गप्प बसलं तर काहीच होणार नाही. बोललं तर म्हातारीचा एकमेव पुरावा जाणार, तो माणूस मोकळा होणार, आणि उद्या त्यानं म्हातारीचं काही केलं तर? बोललं तर वकिलांची चौकशी करणारं मंडळ तिला घरी बसवणार, तेही तेरेरेपायी. सगळा देश पोट धरून हसणार. आणि गप्प बसलं, आणि तो पोरगा पंचवीस वर्षं आत सडला, आणि त्यानं काही केलेलंच नसलं तर? इथं पोचलं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

शेवटी ती इन्सफ्रानकडे गेली. ठाणेदारानं सगळं ऐकलं आणि पोट हलेपर्यंत हसला.

"तेरेरे प्यायलं म्हणून केस पडायला लागली तर या देशात तुरुंग रिकामे होतील, बाई. आम्ही ठाण्यात दुसरं करतो काय?"

"तिनं पाचही जणांना आधी पाहिलं, इन्सफ्रान. आपणच दाखवले."

"बरं, दाखवले." त्याचं हसू गेलं. "कोणी दाखवले? मी ओतत होतो. पण म्हातारीच्या हातात पेला कोणी दिला? हे लिहायला बसाल तेव्हा तेही लिहा. आणि हेही लिहा की गावातल्या म्हाताऱ्याचा खुनी तुम्ही सोडवलात. गावाला वाचता येतं. तुमच्या आईचं घर कुठं आहे, तेही सगळ्यांना ठाऊक आहे."

ही धमकी होती की नुसतं बोलणं, हे निमियाला कळलं नाही. पण त्या संध्याकाळी तिनं आईच्या घराच्या खिडक्यांना आतून कड्या घातल्या. उकाड्यानं आई वैतागली तरी त्या काढू दिल्या नाहीत.

सुनावणीच्या आदल्या दिवशी ती न्या सेल्साकडे गेली. कायद्यानं तसं जायचं काही बंधन नव्हतं. अर्ज कोर्टात द्यायचा आणि मोकळं व्हायचं. पण कोर्टात, सगळ्यांसमोर, म्हातारीला हे पहिल्यांदा ऐकायला लागावं, याची कल्पनाही तिला करवेना. ज्या बाईचा नवरा गेला तिला हे बातमी म्हणून कळता कामा नये, एवढं तरी आपण तिचं देणं लागतो, असं तिला वाटलं. फाटकापर्यंत पोचेपर्यंत ती दोनदा मागे फिरली.

न्या सेल्सा अंगणात पीठ मळत होती. पवित्र आठवड्यासाठी घरोघर चिपा लागतो, शोक असला तरी भट्टी पेटवावी लागते. निमियानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: पेला, पाच माणसं, आपला हात. उद्या मी न्यायाधीशांना सांगणार आहे. परेड रद्द होईल. तो बहुतेक सुटेल.

म्हातारीचे हात पिठात थांबले. "तू माझी वकील की त्याची?"

"मी सरकारची, मावशी. म्हणजे तुमची. आणि खटला खरा चालावा म्हणून त्याचीही."

"दोघांची म्हणजे कोणाचीच नाही." ती शांतपणे म्हणाली, आणि ती शांतपणे म्हणाली हेच जास्त लागलं. "मी काचेतून बघितलं. मी बोट दाखवलं. मला वाटलं, पोर्फिरिओसाठी मी एवढं तरी केलं. आता तू म्हणतेस ते बोट खोटं."

"बोट खोटं नाही. आम्ही तुम्हाला नीट बघूच दिलं नाही. चूक माझी आहे. दुसऱ्या वकिलानं ही गोष्ट वर्षभरानं शोधून काढली असती तर तेव्हा सगळंच पडलं असतं, आणि मग नव्यानं शोधायलाही कोणी उरलं नसतं. मावशी, मलाही भीती वाटतेय."

"तुला?" न्या सेल्सानं पहिल्यांदा मान वर केली. "तुझ्या दाराला लोखंडी जाळी आहे, पोरी. तुझ्या घरात तो आलेला नाही. मला झोप लागली की मुसळ पडल्याचा आवाज येतो. मला शिकवू नकोस भीती."

निमिया निघाली तेव्हा म्हातारीनं पाठीमागून विचारलं, "आणि तो नव्हे, तर मग कोण?" निमियानं ऐकलं, पण वळली नाही.

गुरुवारी ती कोर्टात उभी राहिली. टेबलाला धरून ती बोलली. मध्ये दोनदा पाणी प्यायला थांबावं लागलं. कान्तेरो आ वासून बघत राहिला. त्याच अहवालावर त्याचीही सही होती.

न्यायाधीश वयस्क गृहस्थ, त्यांनी चष्मा काढला. "पेला साक्षीदाराच्या हातात कोणी दिला?"

"मी दिला."

"का?"

"त्यांना बरं वाटत नव्हतं. म्हणून." याहून वेगळं उत्तर तिच्याकडे नव्हतं. कोर्टात कोणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत.

ओळखपरेड रद्द झाली. बाकी पुराव्यावर आत ठेवता येत नाही म्हणून देर्लिसला दर सोमवारी हजेरी लावायच्या अटीवर सोडलं, आणि तपास नव्यानं करायचा हुकूम झाला. देर्लिसच्या आईनं मोठ्यानं रडायला सुरुवात केली. तो स्वतः बाहेर पडताना निमियासमोरून गेला. थांबला नाही, आभारही मानले नाहीत, फक्त एकदा बघितलं. त्या बघण्यात सुटका होती, राग होता की आणखी काही, हे चौदा वर्षं माणसांचे चेहरे वाचणाऱ्या बाईला वाचता आलं नाही.

गावानं मग जे करायचं ते केलं. कचेरीच्या भिंतीवर कोणीतरी काळ्या रंगानं "खुन्यांची आई" लिहिलं. रेडिओवरच्या निवेदकानं तिला तेरेरेबाई असं नाव ठेवलं आणि ते चिकटलं. मंडळाची नोटीस आली. मोटारसायकलचा आवाज मागे आला की ती फुटपाथवर चढून भिंतीला पाठ लावून उभी राहायची. न्या सेल्साच्या फाटकावर तिनं शिपाई बसवून घेतला होता. शुक्रवारी बसला, शनिवारी बसला, रविवारी गाडीत पेट्रोल नाही म्हणून उठला.

सोमवारी सकाळी न्या सेल्सा कचेरीत आली. भांडली नाही, बसलीसुद्धा नाही.

"शिपाई गेला."

"मी आज पुन्हा अर्ज देते, मावशी."

"अर्ज दाराला अडसर म्हणून लावू का? तो त्या दिवशी दुपारीच आला होता. दुपारी मला एकटीला बसवत नाही. तू त्याला सोडलंस, बरोबर केलं असशील, मला त्यातलं कळत नाही. पण दुपारी तू माझ्या घरी येऊन बसायचं. बारा ते तीन."

सरकारी वकिलानं साक्षीदाराच्या घरी दुपारी जाऊन बसणं कोणत्याच नियमात बसत नव्हतं. निमिया गेली. एलिहिओला तेवढं सांगून ठेवलं, कोणी विचारलं तर कुठं आहे ते सांगायचं नाही.

दोघी त्याच खोलीत बसल्या. गाव निपचित पडलं होतं. ऊन इतकं की कुत्रीही भुंकत नव्हती. छताचा पत्रा तापून मध्येच कट् वाजायचा आणि दोघी एकदम दचकायच्या. एकदा दचकून दोघींनी एकमेकींचा हात धरला, आणि मग लाजून सोडला. आपण इथं कोणापासून कोणाचं रक्षण करायला बसलोय, हे निमियाला काही केल्या ठरवता येईना. जो येईल त्याच्यासमोर ती काय करणार होती? बेडकाला घाबरणारी बाई.

मंगळवारी पाऊण वाजता फाटकाबाहेर टाळ्या वाजल्या. तिकडे दारावर थाप मारत नाहीत, बाहेर उभं राहून टाळ्या वाजवतात. पण दुपारच्या झोपेच्या वेळी कोणी शहाणा माणूस कोणाच्या दारी टाळ्या वाजवत नाही. पुन्हा टाळ्या. मग फाटक किरकिरलं आणि अंगणातून पावलं येऊ लागली, सावकाश, जड.

एक माणूस दारात येऊन उभा राहिला.

"तोच!" न्या सेल्सा किंचाळली. तिनं निमियाचा दंड असा धरला की नखं रुतली. "तोच आहे हा! असाच उभा होता! देवाशपथ तोच!"

निमियानं दाराकडे पाहिलं, आणि तिला चेहरा दिसलाच नाही. मागं दुपारचं पांढरं ऊन होतं, आणि दारात नुसता माणसाचा काळा आकार. नाक नाही, डोळे नाहीत, वय नाही. म्हातारी त्या दिवशी याच जागेवरून बघत होती. याच वेळी. एवढंच बघत होती.

"वकीलबाई?" आकार म्हणाला. "माफ करा हं, तुम्ही सांगू नका म्हणालात, पण मंडळाकडून माणूस आलाय, सही हवीय आजच." आणि तो एक पाऊल आत आला, आणि तो एलिहिओ झाला. वाकलेली पाठ, बगलेत फाइल, घामानं भिजलेला सदरा. अठ्ठावन्न वर्षांचा एलिहिओ, ज्याच्याशी न्या सेल्सा गेल्या पंधरवड्यात कचेरीत दोनदा बोलली होती.

म्हातारीनं निमियाचा दंड सोडला नव्हता. "तोच," ती पुटपुटत होती, "तोच."

आता निमियाला हायसं वाटायला हवं होतं. तिनं बरोबर केलं होतं; याहून मोठा पुरावा जगात मिळाला नसता. म्हातारीनं खुन्याचा चेहरा पाहिलेलाच नव्हता. त्या दारात जो उभा राहील तो तिला तोच दिसणार होता. देर्लिसची सुटका योग्य होती. आणि ज्यानं मारलं तो बाहेर होता, आणि तो कोणीही असू शकत होता, आणि हा 'कोणीही' आता तिच्यासमोर फाइल घेऊन उभा होता.

एलिहिओ भांबावून हसला. "काय झालं? न्या सेल्सा घाबरल्या का? मी दचकवलं वाटतं."

"एलिहिओ," निमिया म्हणाली. तिच्या कानांना आपलाच आवाज परका वाटला, कोर्टातला. "आठ फेब्रुवारीला दुपारी तुम्ही कुठे होतात?"

एलिहिओ आणखी थोडा हसला. मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आणि हसायचा थांबला. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांना विचारलेला हा प्रश्न त्यानं टाइप केला होता. त्यानं फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"मला आठवावं लागेल, वकीलबाई," तो म्हणाला.